मुठीतली राळ

रविवार, रात्री साडेदहा

हाताला अजून राळेचा वास आहे. दुपारी आई देवघरात डोकावून आली, "धूप कोणी घातला रे?" म्हणत. तेव्हा गॅसवर जुन्या वाटीत माझ्या तलवारीच्या मुठीत भरायची राळ वितळत होती.

ही तलवार दोन महिन्यांपूर्वी प्रदर्शनातून घेतली, 1800 रुपयांत. 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून आपल्या सरकारने नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार 47.15 लाखांत सोडवून आणली, तेव्हापासून मनात तेच घोळत होतं. पातं युरोपी, मूठ आपल्याकडची, म्हणून ती फिरंग. तिचा फोटो किती वेळा मोठा करून पाहिला असेन! मुठीजवळ पात्याच्या पाठीवर सोन्याने कोरलेली ती देवनागरी अक्षरं...

माझ्या तलवारीची मूठ मात्र हलायची. परज (मुठीवरचा, हाताला आडोसा देणारा भाग) धरून झटकली की आत खुळखुळ वाजायचं. रिवेट नाही, नट नाही. फसलो, असंच वाटलं होतं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की बऱ्याच जुन्या तलवारींनाही रिवेट नसायचे. मूठ पोकळ असायची. पात्याचं मागचं, मुठीकडचं टोक तिच्यात बसवून गरम राळ आणि लाख ओतायचे, की झालं पक्कं. माझ्या मुठीत काय निघालं? पांढरी भुकटी! सुईने टोकरली तर खडूसारखी गळायला लागली.

मुठीवरचा सोनेरी रंग थिनरने गेल्या रविवारीच काढला. खालचं लोखंड खरबरीत निघालं, ते कानशीने घासलं. पात्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600, मग 1000, तेलाचा हात लावून, आणि लांबीच्याच दिशेने. एकदा आडवा हात फिरला, तो ओरखडा घालवायला पाऊण तास गेला. पण ती आरशासारखी बाजारी चमक गेली आणि पातं शांत दिसायला लागलं. धार लावलेली नाही, लावणारही नाही.

आज राळ, लाख आणि वस्त्रगाळ केलेली विटेची पूड मंद आचेवर, खिडक्या उघड्या ठेवून. राळ पटकन पेट घेते. बाबांनी जाड फडक्यात मूठ उलटी धरली, मी ओतलं आणि तापवलेलं टोक आत दाबलं. थंड झाल्यावर डोळ्याशी धरून पाहतो तर पातं परजेच्या रेषेतून जरासं कललेलं. काळजात धस्स झालं. बाबा म्हणाले, "अरे, राळच आहे ना? तापव पुन्हा." खरंच, एरल्डाइट भरलं असतं तर कायमचं वाकडं राहिलं असतं. मूठ गरम केली, राळ मऊ झाली, पातं सरळ केलं आणि दहा मिनिटं दोघंही न हलता बसलो.

आता झटकली तर आवाज नाही. बाबांनी तीनदा झटकून पाहिली.

उद्या ऑफिसातून येताना इतवारीतून म्यानासाठी लाल मखमल आणायची आहे.