तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ पॉइंटांची उधारी

“मार्क घसरून प्रोबेशनवर आलेल्या मुलांना तुम्ही नेमकं सांगता तरी काय?” अमेरिकेतल्या एका कॉलेजात मी विद्यार्थ्यांची सल्लागार आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर तयार असतं : पहाटे उठा, फोन लांब ठेवा, टाइमटेबल भिंतीवर लावा. पहिली दोन वर्षं मीही तेच सांगायचे. एक मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची, वहीत लिहूनही घ्यायची. मला वाटायचं, गाडी रुळावर येतेय. तिसऱ्या भेटीला ती आलीच नाही आणि सेमिस्टर संपलं तेव्हा कॉलेजातूनही गेलेली होती.

आता मी आधी कोरा कागद घेते आणि हिशेब मांडते.

‘प्रोबेशन’ म्हटलं की आपल्या लोकांना नोकरीचे पहिले सहा महिने आठवतात. इथे तो शब्द शिक्षेच्या वासाचा आहे, म्हणून काही विद्यापीठांनी तो काढून ‘अकॅडेमिक नोटीस’ म्हणायला सुरुवात केली. शब्द कुठलाही असो, व्यवहार एकच. ए ग्रेडला 4 पॉइंट, बीला 3, सीला 2, डीला 1, एफला शून्य. त्यांची सरासरी, म्हणजे जीपीए, 2.0च्या खाली गेली की बहुतेक कॉलेजं पत्र धाडतात : पुढच्या सेमिस्टरमध्ये सावर, नाहीतर सक्तीने घरी बसावं लागेल.

समजा पहिल्या सेमिस्टरला तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय होते. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन; ग्रेडच्या पॉइंटांना त्याने गुणायचं. निकाल लागला तीन सी, एक डी, एक एफ. जीपीए 1.4. असा मुलगा माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याने मनात शपथ घेतलेली असते : आता सहा विषय घेणार आणि सगळ्यांत ए काढणार. मी म्हणते, थांब, मांडून बघू. 15 क्रेडिटवर 2.0 हवा तर 30 पॉइंट लागतात. तुझे झाले 21. उधारी नऊची. तीन क्रेडिटच्या विषयात सी आला तर उधारी आहे तेवढीच राहते. बी आला तर तीनने उतरते. म्हणजे तीन बी काढ, उरलेल्या विषयांत सी आले तरी तू 2.0वर येतोस. विषय चार घे, पाच घे, नाहीतर सहा घे, बी तीनच लागतात. मग सहा कशाला घ्यायचे? प्रत्येक जादा विषय म्हणजे घसरायला आणखी एक जागा.

मी सहसा चारावर आणते. बारा क्रेडिटच्या खाली मात्र सहज जाऊ देत नाही. पदवीला तेवढ्यांवर पूर्णवेळ विद्यार्थी धरतात, आणि व्हिसावर आलेल्या मुलाने आधी परवानगी न घेता त्याखाली विषय सोडला तर अभ्यास राहतो बाजूला, व्हिसाचंच लचांड होतं.

दुसरी गोष्ट एफची. त्या विषयाकडे पुन्हा वळायला मुलं तयार नसतात, अपमान वाटतो. पण बऱ्याच कॉलेजांत विषय परत घेतला की नवी ग्रेड जुनीच्या जागी बसते. शून्याच्या जागी बी, म्हणजे एका फटक्यात नऊ पॉइंट. सगळी उधारी साफ! काही कॉलेजं दोन्ही ग्रेड धरतात, म्हणून नियम आधी वाचायचा. आणि ‘जमत नसेल तर विषय सोडून दे’ हा मित्रांचा सल्लाही जपून घ्यायचा. सोडलेल्या विषयापुढे ग्रेडऐवजी डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉवल’, लागतो. त्याने जीपीए हलत नाही, पण सरकारी आर्थिक मदत घेत असाल तर तिथे तो विषय घेतलेल्यांत मोजतात. पदवीला 120 क्रेडिट लागत असतील तर ती घेतलेल्या 180 क्रेडिटच्या आत पुरी होतील, या वेगाने तुम्ही पास होताय की नाही, हे तिथे बघतात.

हिशेब असा दहा मिनिटांत होतो. खरा वेळ जातो तो लपण्यात.

मागे एक मराठी घरातला मुलगा आला होता. त्याला म्हटलं, लॅपटॉप उघड, कॉलेजचा इनबॉक्स दाखव. त्याने उघडला आणि खुर्ची थोडी मागे सरकवली, जणू आतून काही अंगावर येणार होतं. न वाचलेल्या तीनशेच्या वर मेल. आम्ही एकेक उघडत गेलो. तिकिटं, जाहिराती, लायब्ररीची आठवण. मग गणिताच्या प्राध्यापकांची मेल : दोन आठवडे दिसला नाहीस, बरा आहेस ना, ऑफिसात ये, राहिलेल्या गृहपाठाचं काहीतरी बघू. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. एफ त्याच विषयात होता.

तो ती मेल बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, रागावले असतील.”

माझ्याकडे येणाऱ्यांत आळशी मुलं थोडी असतात. पहिली चाचणी वाईट गेली, म्हणून वर्गात जायची लाज वाटली. गेला नाही, म्हणून पुढचं कळेना. कळेना, म्हणून मेल उघडवेना. शाळेत पहिला नंबर असलेल्यांचं हे जास्त होतं, असं माझं मत आहे. मदत मागायची सवयच लागलेली नसते ना!

आईवडील मला फोन करतात. फी आम्ही भरतो, आम्हाला मार्क सांगा. मी सांगू शकत नाही. अमेरिकेत 1974चा एक कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो, आणि आमचं कॉलेज त्याच्या लेखी संमतीशिवाय तोंड उघडत नाही. आयांना हे फार लागतं. मला पटतं, पण नियम मला आवडतो. घरी सांगायचं काम त्यामुळे मुलावरच येतं.

त्या मुलाने माझ्याच खोलीतून फोन लावला. निम्म्या वाक्यांत अडखळला, एफचं सांगितलं, मग कागद समोर ओढून एकदम भरभर बोलायला लागला : चार विषय, गणित परत घेतोय, सरांना मेल केलीय, तीन बी आले तरी मी सुटलो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आईचा आवाज मलाही ऐकू आला.

“बीच का रे? ए नाही देत का ते?”