खांद्यावरची छोटी बॅग घेताना मी आधी पट्टा बघतो

पुरुषांच्या पँटचे खिसे सामान वाहायला केलेलेच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. रुमाल, थोडे सुटे पैसे, फार तर एखादी किल्ली, इथवर ठीक. त्यात मोबाइल, पाकीट, चष्मा, पेन आणि गोळ्यांची पट्टी कोंबली की बसताना काहीतरी टोचतं आणि उठताना काहीतरी पडतं. मागच्या खिशातलं जाड पाकीट तर दुखण्याला आमंत्रणच. त्याच्यावर तासन् तास बसून नस दाबली जाते आणि कळ पायात उतरते. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९७८ साली या त्रासाची नोंद आली, तेव्हा दोष क्रेडिट कार्डांनी फुगलेल्या पाकिटाला दिला होता.

'पुरुषाने काय पर्स घेऊन फिरायचं' असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांना मी ओट्झीबद्दल सांगतो. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला हा माणूस पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या कमरपट्ट्याला चामड्याचा बटवा होता आणि त्यात गारगोटीची हत्यारं, हाडाची आरी आणि आग पेटवायला लागणारी बुरशी होती. रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी असाव्यात, ही गरज तेव्हापासूनची.

माझं काम बांधकामाच्या साइटवर हिंडण्याचं. दिवसभर जिने चढायचे, वाकायचं, मापं घ्यायची, आणि मधेच कुठल्यातरी मीटिंगला जाऊन बसायचं. पाठीवरची सॅक या कामात सारखी आड येते. वही काढायची म्हटलं की ती आधी उतरवावी लागते. म्हणून एका खांद्यावरून छातीवर तिरकी घेता येईल अशी छोटी बॅग मी रोज वापरतो. ती कशी निवडावी, हे ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'कप्पे किती?' हा असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

बॅग बघण्याआधी रोजचं सामान टेबलावर मांडावं. माझं असं: मोबाइल, वाचायचा चष्मा, खिशात मावणारी वही, पेन, पाच मीटरची टेप, किल्ल्या, पाकीट, रक्तदाबाच्या गोळ्या. यातली सर्वांत लांब वस्तू आणि सर्वांत जाड वस्तू शोधायची. हल्लीचे मोठे मोबाइल साधारण १६ सेंटिमीटर लांब असतात आणि चष्म्याची कडक डबीही जवळपास तेवढीच. पण जाडी ठरवते ती डबी. मोबाइल चपट्या कप्प्यात सरकतो, डबी मात्र चार-पाच सेंटिमीटर खोली मागते. ती खोली नसेल तर बॅग पुढून फुगते आणि चेन ताणली जाते.

बॅगेवर लिहिलेल्या लिटरवर फार विसंबू नये. सॅकची क्षमता मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, तिच्यात २० मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे भरून मोजतात. गोळे कोपऱ्याकोपऱ्यात शिरतात, चष्म्याची डबी शिरत नाही. एवढ्या सामानाला दोन-तीन लिटर पुरतात. पाण्याची बाटली मी यात धरतच नाही. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन, आणि ते एकाच खांद्यावर. शिवाय झाकण गळलं तर वही गेलीच. बाटली हातात किंवा दुसऱ्या पिशवीत.

आता पट्टा. छोटी बॅग फाटते ती बहुतेक पट्टा जिथे बॅगेला जोडलाय त्या जागी, कारण सगळं वजन, सगळे हिसके तिथेच येतात. म्हणून बॅग हातात घेतली की मी आधी ती जागा बघतो. पट्ट्याचं टोक नुसतं वरून एका सरळ टाक्यात शिवलंय की शिवणीच्या आत नीट जाऊन पुढे आडव्या दाट टाक्यांनी पक्कं केलंय? त्या दाट टाक्यांना कारागीर बारटॅक म्हणतात. काही ठिकाणी चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असते, तीही चांगली. मग दोन्ही हातांनी पट्टा ओढून बघायचा. टाक्यांची भोकं मोठी होताना दिसली तर ती बॅग परत ठेवून द्यायची, बाकी कितीही सुंदर असो.

पट्टा कडीत अडकवलेला असेल तर कडी बघा. वाकवलेल्या तारेची कडी असेल तर तिची दोन टोकं जिथे भेटतात तिथे फट असते. वजनाने ती फट उघडत जाते. सांधा जोडून बंद केलेली कडी घ्यावी. पितळेसारख्या दिसणाऱ्या वजनदार हुकांवर भाळू नये. त्यातले बरेच हलक्या प्रतीच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि वाकत नाहीत, एकदम तुटतात.

रुंदीचं गणित सोपं आहे. तेच वजन रुंद पट्ट्यावर पसरलं की खांद्याला कमी रुततं. किलोभर वजनाला २५ मिलिमीटरचा पट्टा चालून जातो, त्याहून जास्त असेल तर ३८ चा घ्या. खांद्यावर सरकणारी गादी मला आवडत नाही, ती कधीच जागेवर राहत नाही. पट्टा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा असावा. पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा स्वस्त आणि हलका, पण गुळगुळीत असल्याने बक्कलातून हळूहळू सुटतो आणि संध्याकाळपर्यंत बॅग मांडीवर आपटायला लागते.

बॅग नुसती एका खांद्याला लटकवू नका, तिरकीच घ्या. लटकवली की ती घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि मान आखडते. मी उजव्या हाताने काम करतो, म्हणून पट्टा डाव्या खांद्यावर आणि बॅग उजव्या कुशीला. मधूनमधून बाजू बदलतो. उंची अशी ठेवायची की बॅगेची वरची कड कमरपट्ट्याच्या आसपास यावी. त्याहून खाली गेली की चालताना ती पायाला लागते. आणि हे सगळं रिकाम्या बॅगेवर कळत नाही. आपलं सामान सोबत न्यावं, भरून खांद्यावर घ्यावी आणि बुटाची नाडी बांधायला वाकतो तसं वाकून बघावं. बॅग सुसाट पुढे येऊन गुडघ्यावर आदळली तर पट्टा लांब आहे किंवा चुकीच्या जागी जोडलाय. पट्टा पाठीकडच्या बाजूला जोडलेला असेल तर बॅग अंगाला चिकटून राहते.

पट्ट्यानंतर चेन. चेनला नंबर असतात, ३, ५, ८, १०, आणि तो साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला ५ नंबर तरी हवा. ३ आतल्या खिशाला ठीक. रनरवर 'वायकेके' ही अक्षरं खूप जणांनी पाहिली असतील. तादाओ योशिदा यांनी १९३४ मध्ये जपानमध्ये सुरू केलेली ही कंपनी, आणि तिच्या चेनवर माझा भरवसा आहे. तरी धूळ कुणालाच सोडत नाही. सिमेंटची बारीक पूड चेनमध्ये बसते, रनर आतून झिजतो आणि मागे दात उघडे राहतात. अशा वेळी अख्खी चेन बदलायची घाई करू नये. बहुतेकदा दात शाबूत असतात, फक्त रनर बदलावा लागतो, आणि त्याचा नंबर त्याच्याच पाठीवर कोरलेला असतो. चेन कोपऱ्यात काटकोनात वळत असेल तर मात्र ती एका हाताने कधीच उघडणार नाही. गोलाईने वळणारी बघा.

चुंबकाच्या बटणाच्या बॅगा उघडायला छान असतात. पण काळ्या पट्टीचं कार्ड चुंबकाला चिकटून राहिलं तर पट्टीवरची माहिती पुसली जाऊ शकते. कार्डावरच्या चिपला काही होत नाही.

कापडाबद्दल थोडक्यात. नायलॉनच्या बॅगेवर डेनियरचा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १००० चा आकडा भारदस्त वाटतो, पण एवढ्याशा बॅगेला ५०० भरपूर झालं. १००० चं खरखरीत कापड रोज शर्टावर एकाच जागी घासलं की तिथे गोळे येतात. पाणी कापडातून कमी आणि टाक्यांच्या भोकांतून, चेनमधून जास्त शिरतं, म्हणून मुसळधार पावसात मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीतच.

अस्तर फिकट रंगाचं हवं, हा माझा आग्रह. काळ्या बॅगेत काळं अस्तर आणि त्यात काळा मोबाइल, काळं पाकीट, काळी डबी! चाचपडत बसावं लागतं. करडं, पिवळं, केशरी, काहीही चालेल.

लेदरची हवी असेल तर अवश्य घ्या, पण रिकाम्या बॅगेचं वजन करून. त्याच आकाराच्या नायलॉनच्या बॅगेपेक्षा ती बरीच जड भरते. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावरून दर्जा कळत नाही; पूर्ण दाण्याचं, म्हणजे वरचा थर न घासलेलं चामडं सर्वांत टिकाऊ. पीयूचं नकली लेदर दमट हवेत आपोआप विरतं, कपाटात नुसतं ठेवलं तरी. वरचा पापुद्रा सुटतो आणि कपड्यांना चिकटतो. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत चांगली नायलॉनची किंवा जाड सुती कॅनव्हासची घ्यावी. कॅनव्हास भिजतो, वाळायला वेळ लावतो, आणि गडद रंगाचा असेल तर पहिल्या पावसात फिकट शर्टाला रंग लावू शकतो. म्हणून घेतल्याबरोबर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून बघा. रंग फडक्यावर उतरला तर बॅग लगेच बदलून घ्या.