बारा मात्रांची टाळी

टाळी वाजवायला शिकावं लागतं हे मला पंचेचाळिशीत कळलं. बटाटे सोलता सोलता फोनवर पाको दे लुसिया या गिटारवाल्याची बुलेरिया लावली होती. बुलेरिया म्हणजे स्पेनच्या फ्लामेंको संगीतातला एक वेगवान प्रकार. बारा मात्रा आहेत असं वाचलं होतं, म्हटलं, एकताल आपल्या ओळखीचा, कितीसं अवघड असणार? पण एकतालात सम पहिलीवर. इथे जोर बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर, आणि वाक्य टेकतं ते दहाव्या मात्रेवर. मी ऐटीत समेची टाळी द्यायचो आणि तिथे कुणीच नसायचं. चुकीच्या मंगल कार्यालयात आहेर घेऊन शिरल्यासारखं वाटायचं.

पाकोला हे हिशेब कुणी बोटं मोडून शिकवले नसावेत, ते घरातच होते. जन्म 1947चा, दक्षिण स्पेनमधल्या आल्हेसिरास या बंदराच्या गावातला. वडील दिवसा कापड विकायचे, रात्री पोटासाठी गिटार वाजवायचे. मोठा भाऊ रामोन गिटारवाला, दुसरा पेपे गाणारा. फीचे पैसे नव्हते म्हणून पाकोची शाळा लहानपणीच सुटली आणि मग दिवसाचे दहा-बारा तास गिटार. वडिलांची शिस्त कडक. (आमच्याकडे अर्धा तास पेटी वाजवली तरी खाऊ मिळायचा, म्हणूनच आज मी बटाटे सोलतोय.) खरं नाव फ्रान्सिस्को सांचेझ गोमेझ, लाडाने पाको. पण गल्लीत पाको पैशाला पासरी, म्हणून आईच्या नावाने ओळख: लुसियाचा पाको. आपल्या गावांत ‘सखूचा बाळ्या’ म्हणतात ना, तसंच. तेच नाव पुढे जगभरच्या पोस्टरांवर लागलं.

कोवळ्या वयात एका नृत्यपथकाबरोबर तो अमेरिकेला गेला. तिथे साबिकास हे बुजुर्ग वादक भेटले. पोरगा तेव्हाचा आदर्श, निन्यो रिकार्दो, याच्या वळणाने वाजवत होता. साबिकासनी सांगितलं, स्वतःचं वाजव. असा सल्ला ऐकून बरेच जण दुखावतात, हा कामाला लागला. मग कामारोन या गायकाबरोबर पाठोपाठ रेकॉर्डी झाल्या, आणि 1973 साली ‘एंत्रे दोस आग्वास’ ही रुंबा ठेक्यातली धून आली. बोंगो आणि बास गिटार घेतल्यामुळे जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, पण ती घराघरात वाजली. 1980 साली सॅन फ्रान्सिस्कोत अल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत तिघांच्या तीन गिटारी. मॅक्लॉफ्लिन म्हणजे ‘शक्ती’त आपल्या झाकीरभाईंसोबत वाजवणारा. 1991 साली तर नोटेशन न वाचणाऱ्या या माणसाने रोद्रिगो या स्पॅनिश संगीतकाराचा ‘आरानह्वेस’ कॉन्चेर्तो ऑर्केस्ट्रासह वाजवला, आणि नव्वदीला टेकलेले रोद्रिगो स्वतः ऐकायला होते.

मला मात्र जास्त आवडते ती खोक्याची गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पेरूमध्ये पाकोने काहोन ऐकला. काहोन म्हणजे लाकडी खोकं, त्यावरच बसायचं आणि दोन पायांमधल्या फळीवर हातांनी वाजवायचं. त्याने तो स्पेनला आणला. आज फ्लामेंकोच्या बैठकीत तो इतका घरचा झालाय की पाहुणा होता हे सांगावं लागतं. शाळेत बाकावर ठेका धरला म्हणून मी वर्गाबाहेर उभा राहिलोय, त्यामुळे या खोक्याबद्दल जरा आपुलकी आहे.

2014 साली मेक्सिकोत पाको हृदयविकाराने गेला. दफन आल्हेसिरासलाच झालं.

काल तांदळाच्या डब्यावर बडवत मी अखेर दहावर बरोबर पोचलो. पुढच्याच फेऱ्यात सटकलो. तोवर बटाटे खाली लागले होते.