नवा सायलेन्सर, तीन गाड्या आणि ७१० किलोमीटर

बाईक ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या गाडीवरच्या डॉक्टरचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. मी गाडी कडेला घेतली, मागे वळून पाहिलं, तर माझ्या गाडीला बांधलेल्या उजव्या बॅगेच्या खालच्या कोपऱ्यातून धूर येत होता. कोपरा वितळून सायलेन्सरच्या जोडावर च्युइंगगमसारखा चिकटला होता, आणि आतल्या रेनकोटची बाही त्यातच विरघळली होती. दोन महिने मी आवाजाचे व्हिडिओ ऐकून सायलेन्सर निवडला होता. पण बॅग आणि पाईप यांच्यात किती बोटं जागा राहते, हे एकदाही मोजलं नव्हतं.

आम्ही तिघं होतो आणि तिन्ही गाड्या एकाच जातीच्या: सिंगल सिलिंडर, लांब सस्पेन्शन, डांबरावरही चालणाऱ्या आणि मातीतही. माझ्या गाडीला नवा स्लिप-ऑन, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर बदललेला. मावसभावाने इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाईपपासून टोकापर्यंत फुल सिस्टिम बसवली होती आणि वर डीबी किलर, म्हणजे टोकात बसणारी आवाज दाबायची नळीही काढून घरी ठेवली होती. डॉक्टरची गाडी कंपनीतून आली तशीच. ठरवून केलं नव्हतं, पण चार दिवसांत तिघांची तुलना आपोआप होत गेली. नवा एक्झॉस्ट घ्यायच्या विचारात असाल तर पुढचं तुमच्यासाठी.

पहिला दिवस जवळजवळ सगळा डांबरी, २६० किलोमीटर. खरं सांगायचं तर डांबरावर मला जुन्या आणि नव्या सायलेन्सरमध्ये आवाजापलीकडे काहीच फरक जाणवला नाही. गाडी जास्त पळते असं पहिल्या तासात वाटत होतं. मग चढावर डॉक्टर माझ्या बरोबरीने, तेवढ्याच वेगात वर आला आणि तो भ्रम गेला. नुसता स्लिप-ऑन लावून एखाद-दुसरा हॉर्सपॉवर मिळाला तरी नशीब समजा. बाकीची ताकद कानातच असते.

मग बदलायचा कशाला? वजनासाठी. बसवण्याआधी सामान मोजायच्या लटकत्या काट्यावर दोन्ही टांगून पाहिले: जुना ४.९ किलो, नवा २.३. कंपनीचा सायलेन्सर जड असतो कारण आत कप्पे असतात, पत्रा दुहेरी असतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकावा म्हणून बनवलेला असतो. आता अडीच किलो म्हणजे काहीच नाही, त्यापेक्षा जास्त पाणी आपण पाठीवर नेतो. पण हे वजन गाडीच्या अगदी मागे, उंचावर आणि एका बाजूला लटकलेलं असतं. तिसऱ्या दिवशी चिखलात मागचं चाक अडकलं आणि मागून गाडी उचलून बाजूला सरकवायची वेळ चार-पाच वेळा आली, तेव्हा ते अडीच किलो नसणं मला हातात कळलं. डॉक्टरची गाडी उचलतानाही कळलं, उलट्या अर्थाने.

धातूबद्दल माझं मत मी आधीच ठरवून टाकलं होतं आणि ते या ट्रिपने बदललं नाही. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त, घनसेंटीमीटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे काट्यावर ते जिंकतंच. तापून निळं-जांभळं झालं की दिसतंही देखणं. पण आपण गाडी पाडणारी माणसं. स्टेनलेसला पोचा आला तर आला, तडा गेला तर साध्यासुध्या वर्कशॉपमधला वेल्डरही तो कसातरी सांधून देतो. टायटॅनियम सांधायला आर्गॉन लागतो, दोन्ही बाजूंनी हवा अडवावी लागते, आणि ते काम जमणारा माणूस जंगलाच्या तोंडाशी सहसा भेटत नाही. सायलेन्सरच्या टोकावरच्या कार्बन फायबरच्या टोपीचं तर बोलायलाच नको. मावसभावाच्या टोपीची किनार पहिल्याच पाडापाडीत उडाली.

खरी गंमत दुसऱ्या दिवशीच्या खडकाळ चढावर झाली. मावसभावाची गाडी सपाटीवर आमच्या दोघांच्या पुढे सुसाट होती, पण तिथे कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, तीन वेळा बंद पडली. ‘एक्झॉस्टला बॅक प्रेशर (मागे अडवणारा दाब) लागतंच’ असं ऐकवणारे बरेच भेटतात, ते अर्धवट खरं आहे. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. त्याला हवा असतो वेग. जळलेल्या वायूचा एक झटका पाईपमधून वेगाने गेला की त्याच्या मागे कमी दाब तयार होतो आणि तो उरलेला धूर ओढून घेतो, ताजं मिश्रण आत यायला मदत करतो. पाईप गरजेपेक्षा रुंद घेतला की कमी आरपीएमवर वायू रेंगाळतो आणि ही ओढ जाते. वरच्या आरपीएमला गाडी मोकळी होते, खालचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, जातो. आणि दगडांत आपण खालच्याच टॉर्कवर जगतो.

त्याच्या बाबतीत दुसरीही चूक होती: पाईप बदलला, धूर स्वच्छ करणारा कॅट-कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, पण मॅपिंग, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचे ईसीयूतले (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले) आकडे, तसंच. स्थिर थ्रॉटलवर ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या जवळ सावरून घेतं. जोरात थ्रॉटल दिला की ते सेन्सरकडे बघत नाही, आत साठवलेल्या आकड्यांवर चालतं. ते आकडे जुन्या पाईपसाठी असतात, म्हणून मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. तेव्हा साधा हिशोब: डीबी किलर जागेवर ठेवून स्लिप-ऑन घेतला तर बहुतेक गाड्यांना मॅपिंगची गरज पडत नाही. फुल सिस्टिम घेतली तर मॅपिंगचा खर्च तिच्याच किमतीत धरा. सुझुकी डीआर ६५० किंवा होंडा एक्सआर ६५० एलसारखी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागतील.

थ्रॉटल सोडल्यावर त्याच्या गाडीतून फटाके वाजत होते आणि स्वारी त्यावर खूश होती. संध्याकाळी टॉर्च घेऊन पाहिलं तर बेंड पाईप आणि मधल्या पाईपच्या जोडावर काजळीचा पंखा उमटला होता, बोटाने पुसला तर मऊ काळा. जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. ती सेन्सरलाही फसवते: त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतं. जोड घट्ट बंद करणारं जुनं गॅस्केट पुन्हा वापरल्याचा हा परिणाम. अॅल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून जोडात गुंडाळली, क्लॅम्प आवळला. तात्पुरतं काम, पण घरापर्यंत टिकलं. तुम्ही मात्र नवं गॅस्केट आधीच आणून ठेवा, आणि बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट थंड गाडीवर पुन्हा आवळा. धातू तापून-थंडावून बसला की ते हमखास सैल होतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचं होतं. मुक्कामाच्या घरात सगळे झोपलेले, आवारात वासरं बांधलेली. डॉक्टरने बटण दाबलं आणि तो निघाला, कुणाची कूसही बदलली नाही. मावसभाऊ आणि मी गाड्या ढकलत रस्त्याच्या वळणापलीकडे नेल्या. त्याची फुल सिस्टिम हलकी होती, पण ढकलताना त्याला त्याचं काही कौतुक वाटलेलं दिसलं नाही. “दादा, उद्यापासून डीबी किलर लावतो,” असं तो धापा टाकत म्हणाला. डीबी किलर घरी होता.

आवाजाचा हिशोब फसवा असतो. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, आणि १० वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. त्यामुळे कागदावर ९२ आणि ९८ शेजारी-शेजारी दिसतात, पण प्रत्यक्षात तसं नसतं. अमेरिकेत ऑफरोड गाड्या तपासताना टोकापासून ५० सेंटीमीटरवर, ४५ अंशांत माइक धरतात, गाडी साधारण कमाल आरपीएमच्या निम्म्यावर ठेवतात, आणि कॅलिफोर्नियात १९८६ पासूनच्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. खरेदी करताना हाच आकडा विचारा, आणि तो डीबी किलरसकट आहे की काढून, हेही. युरोपात सायलेन्सरवर ई-मार्क ही मान्यतेची खूण लागते, आणि ती डीबी किलर बसवलेला असतानाच ग्राह्य असते. तुमच्याकडचा नियम बसवण्याआधी वाचा. रात्री मावसभाऊ कानात शिट्टी वाजतेय म्हणून तक्रार करत होता, तेव्हा डॉक्टरने त्याला झापलं: ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तो सहा तास चालवून आला होता, तेही इअरप्लगशिवाय.

कोरड्या गवतातून, जंगलातून जाणार असाल तर स्पार्क अरेस्टरची जाळी असलेलाच सायलेन्सर घ्या. जळता कार्बनचा कण बाहेर पडू नये एवढंच तिचं काम. काही ठिकाणी ती सक्तीची आहे आणि अमेरिकन वनखात्याच्या मान्यतेचा शिक्का सायलेन्सरवर कोरलेला असतो. जाळी काढून ब्रशने साफ करत राहा, कार्बनने भरली की गाडी गुदमरते.

नदीचं सांगायचं राहिलं. माझा नवा सायलेन्सर जुन्यापेक्षा आखूड आणि टोक चार बोटं खाली. हेही मी आधी पाहिलं नव्हतं. इंजिन चालू असेपर्यंत वायूचा दाब पाणी बाहेर ठेवतो, म्हणून मी एकसारखा थ्रॉटल धरून पार झालो. मावसभावाची गाडी ऐन मध्यात बंद पडली. अशा वेळी तिथेच स्टार्टर मारू नका. गाडी ढकलून बाहेर काढा, एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या पेटीत) पाणी गेलंय का बघा. गेलं असेल तर स्पार्क प्लग काढून मगच इंजिन फिरवा. सायलेन्सर मागे वर उचललेला असल्याने आत गेलेलं पाणी पुढे, इंजिनाच्या दिशेने उतरतं. म्हणून आम्ही दोघांनी पुढचं चाक हवेत धरून गाडी जवळजवळ उभी केली, तेव्हा टोकातून लोटाभर गढूळ पाणी पडलं. आतली आवाज शोषणारी ग्लास वूल भिजली होती. पुढचा अर्धा तास गाडी वाफ सोडत, सर्दी झाल्यासारखा आवाज काढत चालली. ही ग्लास वूल तशीही हळूहळू जळतेच. आवाज फाटका वाटू लागला की सायलेन्सर उघडून ती बदलायची असते, म्हणून रिव्हेट्सऐवजी बोल्टने उघडणारा सायलेन्सर मिळाला तर तोच घ्या.

घरी करायच्या दोन गोष्टी मात्र सोडू नका. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढून चाक हाताने पूर्ण वर उचला आणि टायर, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), पाईप यांच्यात किती जागा उरते ते पाहा. टायरवर चिखलाचा थर असणार हे धरून. मग बॅगा भरून बांधा, रिकाम्या नव्हे, आणि पाईपपासून तीन बोटं मोकळी नसतील तर हीट शील्ड लावा. नायलॉन सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि पाईपला तिथवर पोचायला अजिबात वेळ लागत नाही. सामानात पाईपचे जोड धरून ठेवणारी एक जादा स्प्रिंग आणि ती ओढायला मजबूत दोरीचा फास ठेवा. आमची एक स्प्रिंग खडकाळ उतारावर कुठेतरी पडली, ती तिथेच आहे.

पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी पाईप स्पिरिटने पुसा. मी विसरलो. माझ्या अंगठ्याचा ठसा स्टेनलेसवर तपकिरी भाजला गेलाय, पॉलिशनेही निघत नाही. जुना सायलेन्सर मी तोंडं बंद करून माळ्यावर ठेवलाय. मावसभावाने तो मागितला, मी दिला नाही. गाडी विकताना किंवा तपासणीला न्यायची झाली तर तोच लागेल.

डॉक्टर परतल्या दिवशीच लटकता काटा मागून घेऊन गेला. अजून आणून दिलेला नाही.