गाडी मळवली

आमच्या घरी रविवारी सकाळी धुळीवर दोन माणसं काम करत असतात. बायको हॉलमधली धूळ पुसते आणि मी आतल्या खोलीत ती लावत बसतो.

लावायची जागा म्हणजे भिंतीलगत ठोकलेली बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायची फळी. तिच्यावर मळवली स्टेशन आहे, मॉडेल रेल्वेचं, म्हणजे खेळण्याएवढं छोटं. पुणे-लोणावळा लोकलने फिरलेल्यांना ते ठाऊक असेल. लोणावळ्याच्या अलीकडचं, भाज्याच्या लेण्यांना नि लोहगड-विसापूरला जाणारी मंडळी सॅका सावरत उतरतात ते. माझं मळवली 1988 च्या सुमाराचं आहे. त्यामुळे एक्सप्रेसवेचा पत्ता नाही, डबे लालसर तपकिरी आहेत आणि मामाचा हात धरून उभा असलेला आठ वर्षांचा मी प्लॅटफॉर्मवर असायला हवा. (तो अजून चिकटवायचा राहिलाय.)

प्रमाण 1:87, जगभरचे हौशी लोक ज्याला एचओ म्हणतात ते. या प्रमाणात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणलं तर 1435 मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचं गेज. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, तिला एकोणीसच्या वर हवेत. पण तयार रूळ मिळतात ते साडेसोळाचेच, तेव्हा माझी मध्य रेल्वे गेली सहा वर्षं पोट आत घेऊन धावते आहे. गाडीही सहा डब्यांचीच. त्या काळचा एक डबा सव्वाएकवीस मीटरचा, माझ्याकडे साडेचोवीस सेंटिमीटरचा. फळीची अख्खी लांबी प्रत्यक्षात धरली तर जेमतेम तीनशे वीस मीटर भरते. अठरा डब्यांची खरी गाडी आणली तर इंजिन माझ्या जगाच्या पलीकडे भिंतीत आणि गार्ड अलीकडे कपाटात.

गाडी ओढायला डब्ल्यूसीएम-5 आहे. चित्तरंजनच्या कारखान्यात विजेवर चालणारं पहिलं इंजिन 1961 साली तयार झालं ते याच जातीचं, आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘लोकमान्य’. पुण्याच्या माणसाला एवढं कारण पुरतं. असलं इंजिन दुकानात तयार मिळत नाही. वरची पेटी थ्रीडी प्रिंट करून मागवली, खालचा सांगाडा एका परदेशी इंजिनाचा घेतला, पॉलिश पेपर घासघासून बोटांचे ठसे गेले, तीन हात रंग दिला. रंग वाळला आणि इंजिन असं काही चमकायला लागलं की घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं. आता हे मळवायचं आहे असं मी म्हटलं तेव्हा बायको म्हणाली, “नवीन गाडीला डाग पाडायला रात्री जागतोस? मुलाच्या हातात द्यायचीस, फुकट पाडले असते.”

पहिल्यांदा मी नेमकं तेच केलं, मुलाने केलं असतं ते. स्पिरिटमध्ये काळी शाई पातळ करून ब्रशने सगळीकडे फासली. सकाळी उठून पाहतो तर इंजिन नाल्यातून काढल्यासारखं. मळलेलं दिसत होतं, पण चाललेलं दिसत नव्हतं. चूक कुठे झाली ते कळायला लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर दोन तास घालवावे लागले. मी वाकून डब्याच्या चाकांकडे इतका वेळ बघत होतो की एका काकांनी विचारलं, “काही पडलं का?” त्यांना काय सांगणार? म्हटलं, नाही, घाण बघतोय. काका दोन पावलं मागे सरकले.

घाण बघायलाच लागते, कारण ती कुठूनतरी आलेली असते आणि कुठेतरी निघालेली असते. चाकांभोवतीचा तांबूस तपकिरी थर गंजाचा वाटतो, पण बराचसा ब्रेकचा भुगा असतो. बिडाचे ब्रेक चाकाला घासतात, लोखंडाची पूड उडते आणि पावसाळी हवेत ती तांबूस होऊन बसते. खंडाळ्याचा घाट 1:37 चा, म्हणजे सदतीस मीटर गेल्यावर एक मीटर खाली. तो उतरून गाडी कर्जतला थांबली की जळका वास यायचा, तो याच भुग्याचा सख्खा भाऊ. म्हणजे तांबूस पूड डब्याच्या खालच्या भागात दाट, वर जाता जाता विरळ, आणि खिडकीच्या वर जवळजवळ नाहीच. छपराचा हिशेब वेगळा. तिथे तारेला घासणाऱ्या पेंटोग्राफची काजळी, तीही पेंटोग्राफच्या आसपास जास्त. मग पाऊस येतो आणि छपरावरचं सगळं खिडक्यांच्या कोपऱ्यांतून खाली ओघळवतो. खिडकीच्या बरोब्बर मध्यातून ओघळ कधी येत नाही, कोपऱ्यातूनच येतो. परसदाराच्या भिंतीवर छज्जाखाली शेवाळाची जीभ उतरते, तशीच.

परदेशी पुस्तकांत हे सगळं सापडतं. आपल्या गाड्यांचं जे खास ते मात्र तिथे नाही. खिडकीखालची पानाची पिचकारी घ्या. ती उभी असली तर गाडी स्टेशनात थांबलेली होती, तिरकी असली तर चालती होती, आणि आमच्या गाड्या दोन्ही दिशांना जातात म्हणून दोन्ही बाजूंना तिरक्या पिचकाऱ्या हव्यात. मी त्यासाठी गेरूत थेंबभर कुंकू रंगाचा अॅक्रिलिक कालवतो आणि टाचणीने ओढतो. तीन डब्यांना मिळून पाच पिचकाऱ्या. सहावी मारली की थट्टा वाटते. दुसरी खूण दाराशेजारी चिकटवलेल्या रिझर्व्हेशन चार्टची. आता चार्ट चिकटवत नाहीत, पण तेव्हा रोज नवा लागायचा आणि जुना नखाने खरवडलेला असायचा. तिथे कागदाच्या कपच्यांचा नि खळीचा एक फिकट चौकोन तयार व्हायचा. टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा चिकटवून ओला असतानाच खरवडला की तो हुबेहूब जमतो. या चौकोनाचा मला इंजिनापेक्षा जास्त अभिमान आहे.

आणि दाराच्या उभ्या दांड्या. त्यांना काही लावायचं नसतं, उलट घासून चमकवायच्या असतात. हजारो हात रोज त्यांना धरून वर चढतात, त्यामुळे अख्ख्या मळक्या डब्यात तेवढ्याच दांड्या लखलखतात, देवळाच्या उंबऱ्यावरच्या पितळी पट्टीसारख्या. मी त्यांच्यावरून मऊ शिसपेन्सिल फिरवतो. रुळांचंही तसंच. बाजू गंजलेल्या, माथा आरशासारखा. ज्या रुळाचा माथाही गंजलाय तिथे गाडी येत नाही, हे न सांगता कळतं. माझ्या साइडिंगचा, म्हणजे बाजूच्या जादा रुळाचा, माथा मी मुद्दाम गंजवलाय.

जॉन अॅलन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला त्याच्या घराच्या तळघरात ‘गॉरी अँड डॅफिटिड’ नावाची मॉडेल रेल्वे होती. इंग्रजीत ऐकायला ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’, म्हणजे नावातच वात्रटपणा. लोक चकचकीत गाड्या मिरवत होते त्या काळात हा आपल्या गाड्या मन लावून मळवत असे, आणि त्याचे फोटो बघून जगभरचे लोक मळवायला शिकले. त्याच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला एक स्टेगोसॉरस होता, डायनासोर, इंजिनाऐवजी. ज्याने गंजाचा कण न् कण खरा केला त्यानेच हे करावं! 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि दहा दिवसांनी घराला आग लागून लेआऊटही बराचसा गेला. फोटो तेवढे राहिले.

आता देखावा. हा शब्द गणपतीचाच, पण ‘सीनरी’पेक्षा मला तोच जवळचा. डोंगर करायला मला कोणी शिकवलं नाही, कारण ज्याने दर दिवाळीत अंगणात किल्ला केलाय त्याला ते येतच असतं. विटा, पोती, वर चिखल. आई वाटीत हळीव भिजवून द्यायची आणि आम्ही ते ओल्या उतारावर थापायचो. वसुबारसेच्या आधी चार दिवस पेरलं तर भाऊबीजेपर्यंत गवत मावळ्यांच्या डोक्यावरून जायचं. प्रमाण वगैरे नव्हतं. महाराज बुरुजापेक्षा उंच असायचे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

प्रमाण आलं आणि लोहगड अडचणीत आला. मळवली स्टेशनपासून तो सरळ रेषेत मोजला तरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. सत्त्याऐंशीने भागलं तर चाळीस मीटर, म्हणजे समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायला हवा. त्यांच्या सेक्रेटरींचा स्वभाव पाहता ते शक्य नाही. तेव्हा लोहगड भिंतीवर रंगवलाय, निळसर, धूसर, विंचूकाट्याची सोंड लांब काढून. जवळच्या टेकड्या तेवढ्या खऱ्या, पॅकिंगच्या फोमच्या, वर प्लास्टर ऑफ पॅरिस. इथे परदेशी व्हिडिओंनी मला वर्षभर फसवलं. ते लोक आल्प्सचे कडे कोरतात, उभे, टोकदार. मीही कोरले, आणि मळवलीला स्वित्झर्लंड भेटायला आल्यासारखं दिसायला लागलं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. कडा, मग गवताची पायरी, परत कडा, परत पायरी, आणि या आडव्या रेघा डोंगरामागून डोंगर एकाच उंचीवर चालत जातात. सगळं उचकटून पुन्हा केलं. या वेळी प्लास्टर अर्धवट आवळल्यावर भाकरीच्या उलथन्याने आडवं कापत गेलो. उलथनं नंतर परत केलं, पण स्वयंपाकघरात त्याला अजून संशयाने बघतात.

ऋतूही एकच निवडावा लागतो. लोकांना वाटतं सह्याद्री म्हणजे पावसाळा, धबधबे. पण हिरवा रंग चार महिन्यांचा पाहुणा. बाजारात गवताच्या पाकिटांवर ‘स्प्रिंग’ आणि ‘ऑटम’ असतं, ‘मार्गशीर्ष’ नसतं. मला मार्गशीर्षच हवा होता. भात कापून झालंय, खाचरांत धसकटं उभी, बांधावर उडव्या, आणि उतारावरचं गवत हरणाच्या रंगाचं. धसकटं सुतळीची. गवत मात्र नायलॉनच्या बारीक तंतूंचं आणि ते उभं राहायला लागतं. त्यासाठी वीज वापरतात. जाळी आणि ओला गोंद यांच्यात विजेचा मोठा दाब निर्माण केला की तंतू त्या दिशेने ताठ उभे राहून गोंदात रुततात. त्याचं यंत्र महाग, पण डास मारायच्या रॅकेटमध्ये तोच दाब तयार होतो. तिची एक तार चहाच्या गाळणीला, दुसरी गोंदात खोचलेल्या खिळ्याला. गाळणी हलवली आणि माळावर गवत उठून उभं राहिलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. दुसऱ्यांदा खिळ्याला हात लागला, मग नाही हसलो. कोणी करणार असाल तर सेल काढल्याशिवाय तारांना हात लावू नका, आणि काढल्यावरही जरा थांबा.

प्लॅटफॉर्ममागच्या पाचोळ्यासाठी चहाचा चोथा वाळवून टाकला होता. कोणीतरी साखर घालून उकळलेला चहा होता तो. तिसऱ्या दिवशी अप लाइनवर मुंग्यांची रांग. 1:87 ला मुंगी मांजराएवढी होते; शंभरेक मांजरं शिस्तीत मुंबईकडे निघालेली. आता चोथा तीनदा धुऊन, तव्यावर परतून घेतो.

खडी टाकायला लागले दोन महिने. खऱ्या खडीतला मोठा दगड पासष्ट मिलिमीटरचा, म्हणजे माझा पाऊण मिलिमीटरचा. बांधकामावरची काळी कच आणून आधी रव्याच्या, मग मैद्याच्या चाळणीने चाळली. मधला माल आपला. (चाळण्या नव्या आणून दिल्या, हे नमूद करतो.) ती रुळांमध्ये ब्रशने बसवायची, फवारा मारून ओली करायची आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी घेऊन पळतो. एका रात्रीत दीड फूट होतं. इंजिनिअर बर्कलेसाहेबांचा बोरघाट, म्हणजे खंडाळ्याचा रेल्वेघाट, 1863 साली उघडला, त्याला सात वर्षं लागली होती. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

एवढं सगळं करून खोलीची खिडकी मात्र मी बंद ठेवतो, कारण खरी धूळ इथे चालत नाही. खरी धूळ 1:87 ची नसते. तिचा एक साधा कण डब्याच्या छपरावर बसला तर गारगोटी पडल्यासारखी दिसते, आणि पोळीचा एक मिलिमीटरचा कण तर क्रिकेटच्या चेंडूहून मोठा. तेव्हा दर पंधरा दिवसांनी मी मऊ ब्रश घेऊन मळवलेल्या गाडीवरची धूळ झटकतो. बायको दारात उभी राहून हे बघते आणि काही बोलत नाही. न बोलणं तिने त्यासाठीच राखून ठेवलंय.

मागच्या महिन्यात आई राहायला आली होती. गुडघ्यांमुळे तिला खुर्ची दिली, चष्मा बदलून दिला. मी इंजिन दाखवलं, ती हं म्हणाली. चार्टचा चौकोन दाखवला, त्यालाही हं. गवताला हात लावून म्हणाली, “हळीव नाही घातलास?” मग बराच वेळ प्लॅटफॉर्म न्याहाळत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“अरे, पण कुत्रं कुठंय?”

खरंच नव्हतं. सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. तयार पाकिटं शोधली. त्यांतली कुत्री सगळी मालकाबरोबर, पट्टा लावलेली, मान वर. मळवलीच्या प्लॅटफॉर्मवर असलं कुत्रं दिसलं तर लोक गाडी सोडून त्याच्याकडे बघतील. शेवटी एमसीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा घेतला, टाचणीने नाक काढलं, शेपटी वळवून नाकाशी आणली. झोपलेलं असल्यामुळे पाय करावे लागले नाहीत. बाकाखाली, सावलीत चिकटवलं. रंग गवताचाच उरलेला होता, तो दिला. एका कानाला जरा काजळी लावली.

आई म्हणाली, आता बरोबर.