सोसावं ते किती? रोमच्या सात चर्चच्या वाटेवर

आम्हा वसईकर ख्रिस्ती बायांच्या कानावर एक वाक्य लहानपणापासून पडत आलंय: "सोस बाई, येशूने नाही का सोसलं?" नवरा पिऊन हात उचलतो, भावाने जमिनीच्या वाटणीत फसवलं, सासू घालूनपाडून बोलते, सगळ्यावर हा एकच काढा. रोमला सात चर्चची पायी वारी करायचं ठरलं, तेव्हा भक्ती होतीच, पण हे वाक्यही डोक्यात घोळत होतं. ज्यांनी खरोखर जीव देऊन सोसलं, त्यांना सोसण्याबद्दल काय शिकवलं होतं, ते त्यांच्याच थडग्यांपाशी जाऊन बघावं म्हटलं.

ही वारी घालून दिली संत फिलिप नेरी यांनी, सोळाव्या शतकात. सेंट पीटर, तटाबाहेरचं सेंट पॉल, सेंट सेबास्तियन, लॅटरनचं सेंट जॉन, होली क्रॉस, सेंट लॉरेन्स आणि शेवटी सेंट मेरी मेजर. चाल वीस किलोमीटरच्या वर. कार्निव्हलच्या दिवसांत शहर धिंगाण्यात असताना नेरी लोकांना घेऊन बाहेर पडत. वाटेत भजनं, मध्येच एका बागेत पंगत: पाव, अंडं, चीज, फळ, थोडी वाइन. दिंडी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आमच्या गटात एक फादर, बाकी बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या बाया, आणि माझी मावशी. मावशीचे गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

सेंट पीटरहून नदीकाठाने सेंट पॉलकडे निघालो. उन्हं चढायच्या आत तिथे पोचलो ते बरं झालं. वेदीखाली जाळीतून संत पौलाच्या, म्हणजे सेंट पॉलच्या, दगडी शवपेटीचा थोडासा भाग दिसतो, बाजूला साखळी ठेवलेली. फादरांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रातलं ते वाचन घेतलं: संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. हे वाचन आम्हाला पाठ आहे. पण पौलाचा सोसण्याचा खरा जमाखर्च आहे तो करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. आणि ही यादी संपता संपता तोच सांगतो की दमास्कसमध्ये पकडायला माणसं टपली होती, तेव्हा तटाच्या खिडकीतून पाटीत बसून आपल्याला खाली सोडलं आणि आपण निसटलो. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' वाचा. यरुशलेममध्ये त्याला फटके मारायला बांधलं, तर हा विचारतो, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायला तुम्हाला कायद्याने परवानगी आहे का? शताधिपतीने वर कळवलं, सरदार घाबरला आणि फटके टळले. जिथे टाळता आलं तिथे पौलाने टाळलं. हे आमच्या प्रवचनांत फारसं येत नाही.

तिथून सेंट सेबास्तियनला जाणाऱ्या रस्त्याचं नावच 'सात चर्चचा रस्ता'. आधी वस्ती, मग भिंतींमधून जाणारी अरुंद वाट. फूटपाथ मधूनच नाहीसा होतो आणि गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. मावशी म्हणाली, "हुतात्मे आपल्यालाच करणार हे."

सेंट सेबास्तियनच्या खाली भुयारातली दफनभूमी आहे. ही भुयारं लपून राहण्यासाठी खोदली असं आम्ही शाळेत ऐकलं होतं. तसं नव्हतं. शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला कायद्याने मनाई होती आणि मऊ तुफा दगड खणायला सोपा, म्हणून ही जमिनीखालची स्मशानं. एका ठिकाणी तिसऱ्या शतकातली भिंत आहे, तिच्यावर भक्तांनी टोकदार वस्तूने ओरखडून लिहिलंय. "पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी प्रार्थना करा." अक्षर वेडंवाकडं, घाईतलं. पेत्र म्हणजे सेंट पीटर. दुसऱ्या एकाने लिहिलंय की पेत्र आणि पौल यांच्या नावाने आपण इथे स्मरणभोजन घातलं. इतक्या दडपणाच्या काळात माणसं इथे येऊन एकत्र जेवत होती. मला त्या भुयारात सगळ्यात जास्त हे आवडलं.

आपियन रस्त्याने पुढे कॅलिक्स्टसची भुयारं. तिथल्या पोपांच्या दालनात पोप फाबियन यांच्या थडग्याची फरशी आहे. नाव आणि 'बिशप' ग्रीक अक्षरांत नीट खोल कोरलेलं; पुढे 'हुतात्मा' या शब्दाची खूण आहे, ती मात्र उथळ, नंतर कुणीतरी भरलेली दिसते. फाबियन गेले 20 जानेवारी 250 रोजी, सम्राट डेशियसच्या छळात. या छळाची तऱ्हा वेगळी होती. प्रत्येकाने देवतांना बळी वाहायचा, प्रसाद चाखायचा आणि तसा सरकारी दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडलेत: मी नेहमीच देवतांना बळी वाहत आलो, आत्ताही तुमच्यासमोर वाहिला, सही द्यावी.

असंख्य ख्रिस्ती माणसांनी बळी वाहिला. काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन लपून बसले आणि लपल्या जागेवरून मंडळीला पत्रं लिहीत राहिले. छळ ओसरल्यावर खरा पेच उभा राहिला: जे डगमगले त्यांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, त्यांना परत घेता येणार नाही. पोप कॉर्नेलियस आणि सिप्रियन म्हणाले, प्रायश्चित्त करू द्या आणि परत घ्या. चर्चने दुसरी बाजू धरली. कॉर्नेलियस 253 मध्ये हद्दपारीत वारले, सिप्रियन यांचं 14 सप्टेंबर 258 रोजी शिर उडवलं. म्हणजे डगमगलेल्यांना दार उघडं ठेवा म्हणणारे हे दोघे स्वतः वेळ आली तेव्हा डगमगले नाहीत. नोव्हेशियनसारखी कडक माणसं प्रत्येक गावात असतात, आमच्याही आहेत.

छळ ओढवून घेणं तर मान्यच नव्हतं. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याची हकिकत त्यांच्याच मंडळीने लिहून ठेवली आहे. तिच्यात क्विंटस नावाचा एक जण आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही पुढे केलं आणि श्वापदं पाहताच गळाठून त्याने बळी वाहिला. हकिकत लिहिणारे स्पष्ट सांगतात: आपण होऊन स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. पॉलिकार्प स्वतः आधी मळ्यावरच्या घरात जाऊन राहिले होते. पकडायला आलेल्यांना त्यांनी जेवू घातलं आणि प्रार्थनेपुरता वेळ मागून घेतला.

सगळ्यांचं एकमत होतं असंही नाही. कार्थेजच्याच टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने छळातून पळण्याविरुद्ध पुस्तकच लिहिलं. आणि आपियन रस्त्यावरच ते छोटं चर्च आहे, जिथे रोममधून पळणाऱ्या पेत्राला येशू भेटला आणि पेत्र मागे फिरला, असं सांगतात. मी फादरांना म्हटलं, बघा, टाळता येईल ते टाळावं असं मी म्हणते, ही गोष्ट तर त्याच्या उलट जाते. उत्तर मावशीने दिलं. ती चर्चच्या पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. "मागे माणसं राहिली होती त्याची. त्यांच्यासाठी फिरला. उगाच मार खायला कोण फिरेल?"

लॅटरन आणि होली क्रॉस थकल्या पायांनी उरकले, खोटं कशाला बोलू. सेंट लॉरेन्सला मात्र मन लागलं. लॉरेन्स हे डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचे चर्चसेवक, 258 मध्ये मारले गेले. त्यांना जाळीवर भाजलं आणि ते "ही बाजू झाली, आता उलटवा" म्हणाले, ही कथा सगळ्यांना ठाऊक. सम्राट व्हॅलेरियनचा हुकूम धर्मगुरूंना लगेच ठार मारण्याचा होता, त्यामुळे अभ्यासकांना ही जाळी शंकास्पद वाटते. मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते: चर्चचा खजिना आणून दे म्हटल्यावर त्यांनी गोरगरीब आणून उभे केले. मावशीने तिथे आमच्या गोन्सालो गार्सियांचं नाव घेतलं. वसईत जन्मलेले, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले.

सेंट मेरी मेजरला पोप फ्रान्सिस यांच्या थडग्यासाठी रांग होती. रांगेत मी पर्पेच्युआची गोष्ट काढली. 203 साली कार्थेजच्या तुरुंगात अंगावर पिणारं मूल असलेली बावीस वर्षांची बाई, तिने स्वतः लिहिलेली टिपणं उरली आहेत. त्यांत ती सांगते की दोन डीकननी शिपायांना पैसे चारले आणि कैद्यांना काही तास तुरुंगातल्या बऱ्या जागी हलवलं. तेव्हाच्या चर्चने त्या बाईला नुसतं 'सोस' म्हटलं नाही, लाच देऊन तिला वारा मिळवून दिला.

"आणि पेत्राचं पहिलं पत्र?" फादर म्हणाले. "दासांनी कठोर धन्यांच्याही अधीन असावं, असं त्यात आहेच." आहे खरं. ते वचन मला अजून गिळवत नाही. फादरांचं म्हणणं, त्या दासांना दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून त्यांना निदान धीर दिला.

"आमच्या गल्लीतल्या तिला आहे ना रस्ता," मावशी म्हणाली. कोणाबद्दल, ते आम्हाला तिघांनाही कळलं. "तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात कोण जाणार, तेवढं सांगा."

फादर म्हणाले, घरी गेल्यावर बघू. मावशी म्हणाली, बघू नाही, वार सांगा.