ग्रिनेलच्या बँकेची प्रतिकृती : दर्शनी भिंत पूर्ण

आयोवा राज्यातील ग्रिनेल येथील मर्चंट्स नॅशनल बँकेच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीची दर्शनी भिंत आता पूर्ण झाली आहे. लुई सलिव्हन या वास्तुविशारदाने उतारवयात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील छोट्या गावांसाठी ज्या मोजक्या बँका उभारल्या, त्यांपैकी ही १९१४ सालची. १९७६ पासून तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे.

या इमारतीची छायाचित्रे पाहताना नजर प्रथम दारावरच्या नक्षीकडे जाते, त्यामुळे प्रतिकृती करणारेही बहुधा तिथूनच सुरुवात करतात. मी मात्र आधी विटांचे काम हाती घेतले. कारण सलिव्हनने सारे अलंकरण एका जागी एकवटून उरलेली भिंत सपाट ठेवली आहे, आणि ती भिंत निर्जीव दिसली तर नक्षी नुसती चिकटवल्यासारखी वाटते. मूळ विटा निळसर काळ्यापासून सोनेरी तपकिरीपर्यंत अनेक छटांच्या आहेत. १:८७ या प्रमाणात विटेचा एक थर मिलिमीटरभरही भरत नाही, म्हणून माउंट बोर्डावर बोथट सुईने ओळी दाबून घेतल्या, सर्वत्र गडद तपकिरी हात दिला आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा तुटक तुटक उठवल्या. हातभर अंतरावरून भिंत एकरंगी दिसते, पण जवळ गेल्यावर वीट न् वीट वेगळी भासते. मला नेमके हेच हवे होते.

गोल खिडकीभोवती एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, चौरस आणि तिरके चौकोन पातळ कार्डाचे थर एकावर एक चढवून उभे केले. आकृत्यांच्या कडांना रंग न देता त्यांची सावलीच रेषेचे काम करील, एवढी खोली प्रत्येक थराला ठेवली आहे. दाराजवळचे पंख असलेले सोनेरी सिंह एपॉक्सी पुट्टीचे आहेत.

याच गावातल्या ग्रिनेल कॉलेजचा परिसर १८८२ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला होता. त्यानंतर १८८५ मध्ये बांधलेला गुडनाउ हॉल मी पुढच्या प्रतिकृतीसाठी निवडला आहे. तत्पूर्वी बँकेच्या बाजूच्या भिंतीतील रंगीत काचांचा लांबलचक पट्टा बाकी आहे. त्यासाठी पारदर्शक शीटवर पातळ रंगाचे नमुने काढले असून, आत दिवा लावल्यावरही काचेचा रंग फिका पडणार नाही, अशी छटा सध्या त्यांतून निवडत आहे.